विश्वासात नवे असाल तर: वचनाचा आधार घेऊन रोज कसं जगावं

प्रभू येशूवर विश्वास ठेवल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मन भरून आलेलं असतं. मग कधीतरी प्रार्थनेला बसलं तरी शब्द सुचत नाहीत, उपासनेतलं गाणं नुसतंच कानावरून जातं आणि मनात शंका येते: आपला विश्वास खरा होता ना? देवाने आपल्याला सोडलं तर नाही? अशी शंका येणं नवलाचं नाही, आणि ते पापही नाही. पण तिचं उत्तर स्वतःच्याच मनात चाचपत बसलं तर हाती लागत नाही, कारण मन रोज बदलतं. विश्वासणाऱ्याची सुरक्षितता ज्याने वचन दिलं त्याच्या स्वभावावर उभी असते, आणि तो स्वभाव पवित्र शास्त्र नेटाने वाचत गेलं की कळत जातो. म्हणून या लेखाचा मोठा भाग वाचनाला दिला आहे. प्रार्थना, मंडळी (म्हणजे चर्च), रोजचं वागणं या पायऱ्या त्यामागोमाग येतात.

पहिली पायरी: मार्कपासून सुरुवात करा

बायबल एकाच बांधणीत हातात येतं, पण आत अख्खा ग्रंथसंग्रह आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. कॅथलिक बायबलमध्ये ती ७३ आहेत. त्यांत इतिहास आहे, नियमशास्त्र आहे, कविता आहे, पत्रं आहेत, आणि ती काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. पहिल्या पानापासून निघालेला नवा वाचक उत्पत्ती उत्साहाने संपवतो. मग निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाची मापं येतात, त्यामागून लेवीयातले यज्ञांचे नियम येतात आणि वाचन तिथेच अडतं. ती पुस्तकंही मोलाची आहेत, पण येशू कोण हे आधी कळलं असेल तर ती जास्त उलगडतात.

येशूचं आयुष्य सांगणाऱ्या चार पुस्तकांना शुभवर्तमानं म्हणतात; त्यांत मार्ककृत शुभवर्तमान सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं आहे. रोज एक अध्याय घ्या. जमलं तर एखाद्या निवांत दिवशी ते सबंध, मोठ्याने वाचा. दोन तासांच्या आत होतं. असं वाचलं की एरवी निसटणाऱ्या गोष्टी दिसतात. शिष्य येशूच्या बरोबर राहत होते, त्याची कामं डोळ्यांनी पाहत होते, तरी वादळ आलं की घाबरत होते आणि तो काय सांगतो ते त्यांना पुन्हा पुन्हा समजत नव्हतं. येशूने त्यांना त्यासाठी बोल लावले, पण घालवून दिलं नाही. नव्या माणसाला हे आधी कळलेलं बरं.

त्यानंतर योहानकृत शुभवर्तमान घ्या, २१ अध्याय. मग फिलिप्पैकरांस पत्र: अवघे चार अध्याय, प्रेषित पौलाने कैदेत असताना लिहिलेले, आणि तरी त्यात आनंद करण्याविषयी वारंवार सांगितलं आहे. पुढे उत्पत्ती, निर्गमचे पहिले २० अध्याय, प्रेषितांची कृत्ये आणि रोमकरांस पत्र. या सगळ्याच्या जोडीने रोज एक स्तोत्र. स्तोत्रं १५० आहेत, पाचेक महिन्यांत एक फेरी होते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका. जिथे थांबलात तिथून पुढे चला. राहिलेलं भरून काढण्याच्या ओझ्याखाली वाचनच सुटलेली माणसं खूप आहेत.

दुसरी पायरी: वचन त्याच्या जागेवर ठेवून वाचा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे थोडं थांबू.

बायबलच्या मूळ लेखकांनी अध्याय आणि वचनांचे आकडे घातले नव्हते. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात रूढ झाली. तिचं श्रेय स्टीफन लँगटन या धर्मगुरूंना दिलं जातं. नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली दिले. शोधायला ही सोय उत्तम आहे. पण तिच्यामुळे एकेक वाक्य सुटं उचलायची सवय लागते, आणि सुटं उचललेलं वाक्य आपल्याला हवं ते बोलू लागतं.

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन घ्या. तुमच्याविषयी माझ्या मनात आहेत ते विचार हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भविष्यात आशा देण्याचे आहेत, असं देव तिथे म्हणतो. परीक्षा, नोकरी, लग्न अशा प्रत्येक प्रसंगी हे वचन एकमेकांना पाठवलं जातं. आता तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमेतून जे लोक धरून नेले, त्यांना यिर्मया लिहितो आहे. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया लिहितो, नाही, सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला बंदिवान करून नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं सांगून झाल्यावर ११वं वचन येतं.

म्हणजे ते पत्र ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांतले बहुतेक जण परत घरी जाणार नव्हते. त्यांची हाडं बाबेलातच राहणार होती. तरी देव त्यांना म्हणतो की माझे विचार तुमच्या हिताचे आहेत. हे कळल्यावर वचनाचं वजन वाढतं. 'येत्या महिन्यात माझं काम होईल' असं ते सांगत नाही. जिथे काम झालंच नाही, तिथेही देवाने पाठ फिरवलेली नाही, एवढं ते सांगतं. हनन्याचा निरोप ऐकायला गोड होता आणि दोन वर्षांत तो खोटा ठरणार होता. यिर्मयाचा निरोप कडू होता, पण त्यावर माणूस सत्तर वर्षं जगू शकत होता.

दुसरं उदाहरण खुद्द येशूच्या आयुष्यातलं. मत्तयच्या ४थ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो, खाली उडी टाक म्हणतो आणि वर वचन ऐकवतो. ते वचन ९१व्या स्तोत्रातलं आहे: देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलून धरतील. वचन खरं आहे आणि बायबलमधलंच आहे. येशू ते नाकारत नाही. तो जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं दुसरं वचन पुढे ठेवतो की आपल्या देवाची परीक्षा पाहू नये. या प्रसंगात येशूने तीन उत्तरं दिली आणि तिन्ही अनुवादाच्या ६व्या आणि ८व्या अध्यायांतून दिली. तो भाग त्याच्या मनात पुरा मुरलेला होता. यावरून आपल्यासाठी एक नियम निघतो: एखादं वचन तुम्हाला देवाला कोंडीत पकडायला शिकवत असेल, तर ते शास्त्राच्या बाकीच्या शिकवणुकीशी ताडून पाहा.

मग रोज वाचताना करायचं काय? एक वही ठेवा आणि भाग वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. हे कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटलं? यातून देव कसा आहे हे काय कळलं? आणि आज मला काय करायचं आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा आदल्या-पुढच्या अध्यायात मिळतं. तिसऱ्याचं उत्तर शक्य तितकं बारीक लिहा. 'प्रेमाने वागेन' असं लिहिलं की संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. 'ज्यांच्याशी मी काल आवाज चढवून बोललो, त्यांची आज जेवणाआधी माफी मागेन' असं लिहिलं की ते झालं की नाही हे रात्री कळतं. काही समजलं नाही तर तसंच लिहून ठेवा आणि मंडळीतल्या जाणत्या माणसाला विचारा. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणंही शास्त्राशी रोज पडताळून पाहिलं, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलं आहे.

तिसरी पायरी: आधाराची वचनं पाठ करा

भीती वाटते त्या घटकेला पुस्तक उघडून शोधत बसणं होत नाही. म्हणून काही भाग तोंडपाठ हवेत. २३वं स्तोत्र फक्त सहा वचनांचं आहे, तिथून सुरुवात करा. मग १२१वं स्तोत्र, योहान १०:२७-२९ आणि रोमकरांस ८:३१-३९. आठवड्याला दोन-तीन वचनं पुरेत. मोठ्याने म्हणा, हाताने लिहा, कोणाला तरी म्हणून दाखवा.

यातला रोमकरांस पत्राचा भाग जरा जवळून पाहू. ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळं करील, असं विचारून पौल सात गोष्टी घेतो: क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार. ही यादी त्याने घरी बसून कल्पनेने केलेली नाही. रोमकरांस पत्राच्या थोडंच आधी लिहिलेल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ११व्या अध्यायात त्याने स्वतःचं भोगलेलं सांगितलं आहे. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं, एक रात्र आणि एक दिवस समुद्रात, भूक, तहान, थंडी, उघडेवाघडेपण. सातांपैकी एक तलवार तेवढी राहिली होती, आणि पुढे रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला अशी मंडळीची प्राचीन परंपरा सांगते. हा माणूस 'माझी खातरी झाली आहे' म्हणतो, तेव्हा ती खातरी या सगळ्यातून गेल्यावरची आहे. ख्रिस्ताने ही संकटं त्याच्या वाटेतून काढून टाकली नाहीत. तरी त्यांतलं एकही संकट त्याला ख्रिस्तापासून तोडू शकलं नाही.

इथून 'सुरक्षित' असणं म्हणजे काय ते समजतं. आजार होणार नाही, नोकरी जाणार नाही, कोणी दुखावणार नाही, असा शब्द येशूने कधीच दिला नाही. उलट जगात तुम्हाला क्लेश होतील, असं त्याने शिष्यांना स्पष्ट सांगितलं. त्याने शब्द दिला तो वेगळा: माझी मेंढरं माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, आणि पित्याच्या हातातूनही कोणी हिसकावू शकत नाही.

मग आपण त्या मेंढरांतले आहोत का, हा प्रश्न उरतो. योहानाचं पहिलं पत्र याचसाठी लिहिलं आहे. तुम्हाला सार्वकालिक जीवन लाभलं आहे हे तुम्हाला कळावं म्हणून मी लिहितो, असं तो ५:१३ मध्ये म्हणतो. पत्रभर तो तीन खुणा सांगतो: येशूवर विश्वास, त्याच्या आज्ञा पाळण्याची ओढ, आणि भावाबहिणींवर प्रेम. या खुणा आपल्यात पूर्णपणे दिसतात का, असं विचारू नका. त्या उगवल्या आहेत का, आधी नव्हत्या आणि आता आहेत का, असं विचारा. आणि ज्याला स्वतःचंच मन दोष देत राहतं, त्याच्यासाठी ३:२० आहे: देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण नव्या माणसाचा इथे गोंधळ होतो. खरा विश्वासणारा शेवटी तारणाला मुकू शकतो का, यावर मंडळ्यांमध्ये जुना मतभेद आहे. कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या मंडळ्या 'नाही' म्हणतात, वेस्लीच्या परंपरेतल्या मंडळ्या विश्वास सोडून देण्याचा धोका खरा मानतात, आणि दोन्हींकडे शास्त्र जिवापाड मानणारी माणसं आहेत. इब्री लोकांस पत्राच्या ६व्या अध्यायातला कडक इशारा वाचून तुमच्या पोटात गोळा आला, तर ती भीतीच सांगते की तुम्हाला ख्रिस्त नकोसा झालेला नाही. इशारे निष्काळजी माणसाला जागं करण्यासाठी आहेत आणि वचनं थरथरणाऱ्याला धरण्यासाठी. आपण आज कोणत्या अवस्थेत आहोत ते पाहून आधी काय वाचायचं ते ठरवावं.

चौथी पायरी: स्तोत्रांच्या आधाराने प्रार्थना करा

प्रार्थनेसाठी वेगळी भाषा लागत नाही. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली ती मत्तयच्या ६व्या अध्यायात आहे, आणि एका मिनिटात म्हणून होते. तिचा क्रम धरा: आधी देवाचं नाव, राज्य आणि इच्छा, मग रोजची भाकर, क्षमा आणि मोहापासून सुटका. प्रत्येक ओळीवर थांबून आपलं बोला. भाकरीच्या ओळीवर घरखर्चाची काळजी सांगा, क्षमेच्या ओळीवर ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घ्या.

शब्द सुचत नाहीत त्या दिवसांसाठी १३वं स्तोत्र आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा 'कोठवर?' म्हणतो. परमेश्वरा, कोठवर? तू मला विसरणार का? पुढच्या दोन वचनांत तो मागणं मागतो, आणि शेवटच्या दोन वचनांत देवाच्या प्रेमावर भरवसा ठेवून गातो. मधल्या काळात शत्रू गेला किंवा दिवस पालटले असं कुठेही लिहिलेलं नाही. तुम्हीही याच क्रमाने बोला: तक्रार, मागणं, भरवसा. शेवटच्या भागापर्यंत पोहोचता आलं नाही तरी चालेल; ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तेही शास्त्रात जपून ठेवलं आहे. देवापुढे रडणं आणि देवापासून दूर जाणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत.

पाचवी पायरी: मंडळी शोधा, पण डोळे उघडे ठेवून

प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: प्रेषितांची शिकवण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. एकट्याने बायबल वाचून फार काळ टिकता येत नाही. कोणीतरी चूक दाखवणारं लागतं, आजारपणात दार वाजवणारं लागतं.

काही आठवडे जाऊन बसा आणि पाहा. उपदेशात शास्त्र खरंच उघडलं जातं का? प्रश्न विचारलेला चालतो का? पैशाचा हिशेब मंडळीपुढे ठेवला जातो का? मदतीची रक्कम नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने इतरांना बरोबर घेतलं होतं (२ करिंथ ८:२०-२१), तेव्हा हिशेब विचारणं अविश्वासाचं लक्षण नाही. बाप्तिस्मा कधी आणि कसा घ्यायचा, प्रभुभोजनात कधी सहभागी व्हायचं, हे प्रत्येक परंपरेत वेगळं आहे. पाळकांना किंवा फादरना सरळ विचारा.

काही ठिकाणांहून मात्र निघून यावं. मी सांगतो तेच देवाचं बोलणं, असं म्हणणारा पुढारी. अमुक रक्कम दिली की बरे व्हाल असं सांगणारी मंडळी. पौल तर म्हणतो की देणं कुरकुरत किंवा जुलमाने नसावं. औषध बंद करणं हाच विश्वास, असं शिकवणारे लोक. पौलाच्या बरोबर लूक हा वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. डॉक्टरांचं औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

आणि एक अगदी स्पष्ट सांगायला हवं. घरात किंवा मंडळीत कोणी मारहाण करत असेल, अंगचटीला येत असेल, तर 'सोस आणि क्षमा कर' एवढंच सांगणारा सल्ला अपुरा आणि धोक्याचा आहे. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद पळून गेला. दिमिष्कात (दमास्कस शहरात) जिवावर बेतलं तेव्हा शिष्यांनी पौलाला पाटीत बसवून गावकुसावरून खाली सोडलं. खुद्द येशूला लोक कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांची मदत घ्या. क्षमेचा प्रश्न त्यानंतर, आणि क्षमा केली तरी पुन्हा त्याच घरात राहायला जाणं बंधनकारक होत नाही.

सहावी पायरी: विश्वास हातापायांत उतरू द्या

आपण कृपेने तारले गेलो आहोत, कर्मांनी नाही. इफिसकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात ८वं आणि ९वं वचन हे सांगतात. बरेच जण तिथेच थांबतात. १०वं वचन म्हणतं की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत आणि देवाने ती आधीच योजून ठेवली आहेत. म्हणजे चांगलं वागून देवाचं प्रेम मिळवायचं नाही. मिळालेल्या प्रेमातून वागणं बदलायचं आहे. सुरक्षित असलेल्या माणसालाच हे जमतं. ज्याला सतत स्वतःचा जीव वाचवायचा असतो, त्याला दुसऱ्याकडे पाहायला सवड नसते.

सुरुवात पैशापासून करा, कारण तिथे फसवाफसवी करता येत नाही. लूकच्या १९व्या अध्यायातला जकातदार जक्कय येशूला घरी घेतल्यावर दोन गोष्टी करतो: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. कोणाचं देणं थकवलं असेल, खोटं बिल लावून पैसे घेतले असतील, तर तो हिशेब आधी मिटवा. मग देणगीचं बोला. देणगी द्याल तेव्हा गाजावाजा नको. मत्तय ६ प्रमाणे उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये.

कामाच्या ठिकाणी साक्ष देण्याचा पहिला मार्ग म्हणजे काम चोख करणं आणि नसलेल्या माणसाबद्दल वाईट न बोलणं. याकोबाचं पत्र पाच अध्यायांचं आहे आणि त्यातला ३रा अध्याय मोठा भाग जिभेवर खर्च करतो. त्याच्या २ऱ्या अध्यायात तो विचारतो, ज्याच्या अंगावर कपडा नाही आणि पोटाला अन्न नाही त्याला नुसतं 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून काय उपयोग? 'मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो' हे वाक्य उच्चारताना हे लक्षात असू द्या, आणि जमेल ते हातानेही करा.

सातवी पायरी: घरच्यांशी सौम्यपणे

घरातले लोक तुमच्या विश्वासाचे नसतील तर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना पटवायला निघू नका. मार्क ५ मध्ये बरा झालेला माणूस येशूबरोबर जाऊ म्हणतो, तेव्हा येशू त्याला घरी पाठवतो: आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग. सांगायचं ते आपल्याबद्दल घडलेलं, त्यांच्या श्रद्धेवर टीका नाही. पेत्राचं पहिलं पत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा म्हणतं, आणि ते सौम्यतेने आणि आदराने द्या असंही म्हणतं. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा विश्वासात आल्यावर रद्द होत नाही; तुमच्या हातून त्यांची सेवा आधीपेक्षा जास्त झाली, तर ती ते पाहतीलच. वाद वाढायला लागला की थांबा. रोमकरांस १२:१८ सांगतं, तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा. समोरच्याच्या वाट्याचं आपल्या हातात नसतं.

मन खचलं तर

एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून परतला आणि लगेच जिवाच्या भीतीने रानात पळाला. तिथे झाडाखाली बसून तो मरण मागू लागला. १ राजे १९ मध्ये देवाने काय केलं ते पाहा. त्याला झोपू दिलं. दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर झालं, आणि तिथेही आधी 'तू इथे काय करतोस?' असं विचारून त्याचं ऐकून घेतलं. तेव्हा झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर आधी शरीराकडे बघा. उदासी हटत नसेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर त्याच दिवशी घरातल्या कोणाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. विश्वास कमी पडला म्हणून असं होतं, असं कोणी म्हणालं तर त्याला हा अध्याय दाखवा.

शंकेचंही तसंच. मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच वाक्यात दोन्ही. येशूने त्याचा मुलगा बरा केला. शंका वहीत लिहा, जाणत्या माणसाबरोबर तिच्यावर बोला आणि उत्तर मिळेपर्यंत वाचन, प्रार्थना, उपासना चालू ठेवा.

पडलात तर

पडाल. राग, खोटं बोलणं, जुनं व्यसन, काहीतरी परत येईल. येशूचा शिष्य पेत्र याचं पाहा. तो आपल्याला नाकारणार हे येशूला आधीच माहीत होतं, आणि लूक २२ मध्ये पेत्र पडण्याआधीच येशू त्याला सांगतो: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. म्हणजे पडण्याआधीच परत येण्याचं काम सांगून ठेवलेलं होतं. येशूला अटक झाली त्या रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारलं; वाड्यात कोळशाच्या विस्तवाजवळ उभा राहून तो येशूला ओळखत नाही म्हणाला. योहानच्या २१व्या अध्यायात, समुद्रकाठी, पुन्हा कोळशाचा विस्तव आहे आणि येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? झालेली गोष्ट येशूने झाकली नाही. ती पुन्हा तीनदा पेत्राला आठवू दिली, आणि प्रत्येक वेळी मेंढरं सांभाळायचं काम त्याच्याच हाती दिलं.

तुमच्याकडून करायचं ते असं. देवापुढे पाप नाव घेऊन कबूल करा. 'माझ्या चुका माफ कर' एवढं मोघम पुरत नाही. मग १ योहान १:९ मोठ्याने वाचा: आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, तो क्षमा करील. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा आणि भरून द्या. व्यसनाची, पडद्यावरच्या अश्लील गोष्टींची किंवा जुगाराची वाट असेल, तर ती वाट प्रत्यक्षात बंद करा: ॲप काढून टाका, तो रस्ता बदला, पैसे दुसऱ्याच्या ताब्यात द्या. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं; कॅथलिक मंडळीत त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, इतर मंडळ्यांमध्ये पाळक किंवा विश्वासातला एखादा मोठा भाऊ, एखादी बहीण असते. असा एक माणूस पडण्याआधीच ठरवून ठेवा. त्यांना विचारून ठेवा की अडलो तर केव्हाही फोन करू का. आणि वेळ आली की त्याच दिवशी फोन करा. उद्यावर ढकलला की लाज वाढते, मग रविवार चुकतो, मग महिना जातो.